गुरूचे चंद्र आणि तापलेला स्लॅब

वाहुळेबाईंचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाचा नंबर काढत होते. दुर्बीण परत पाठवायची आहे, खोकं कसं बांधायचं तेवढं सांगा, म्हणाल्या. कारण विचारलं तर आधी टाळलं. मग हळूच म्हणाल्या, "ताई, दुर्बिणीत काही खोट नाही. माझा डोळाच गेला बघा."

मी हातातली लेन्स खाली ठेवली. परभणीत माझं चष्म्याचं दुकान आहे. तो डोळा दोनच महिन्यांपूर्वी मी तपासला होता.

बाई पेडगावच्या. तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्म्यासाठी आल्या, चार्टवरची शेवटून दुसरी ओळ घडाघडा वाचली आणि लगेच विचारलं, आता गुरूचे चंद्र दिसतील का? नोकरीभर त्यांनी गुरू आणि त्याचे चार मोठे चंद्र फळ्यावर काढले होते. स्वतः एकदाही पाहिले नव्हते.

मोबाइलवर त्यांनी एक जाहिरात दाखवली. वीतभर दुर्बीण आणि वर लिहिलेलं, ५२५ पट मोठं दिसेल. किंमत पेन्शनीत बसणारी. मी म्हटलं, ही नको. दुर्बिणीत आधी पट बघायचे नसतात, पुढच्या भिंगाची रुंदी बघायची. भिंग रुंद तेवढा प्रकाश जास्त. प्रकाशच नसेल तर मोठं करून काय, नुसता अंधुक गोळा मोठा होतो.

माझा धंदा चष्म्यांचा, पण भिंग ते भिंगच. दोन संध्याकाळी आम्ही दुकानात बसून निवड केली. रिफ्रॅक्टर घ्यायची ठरली, म्हणजे आरशाऐवजी पुढं भिंग असलेली. तिला रोजची डागडुजी लागत नाही. भिंग सत्तर मिलीमीटरचं, फोकल लेंग्थ सातशे. डोळा लावायची जी छोटी नळी असते तिला आयपीस म्हणतात, ती बदलता येते. सातशेला आयपीसवर लिहिलेल्या आकड्यानं भागलं की पट निघतात. पंचवीसचं आयपीस लावलं तर अठ्ठावीस पट. गुरूच्या चंद्रांना तेवढे पुरतात. स्टँड मात्र मी महागातला घ्यायला लावला. छत्रीच्या काड्यांसारखे पाय असले की हात लागताच ग्रह पळतो. बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं.

एवढं करून आता हे.

संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि स्कूटीनं पेडगाव गाठलं. दिवस एप्रिलचे. बाईंनी दुर्बीण गच्चीवर मांडली होती. त्यांच्या जाऊबाई, गयाबाई, जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या. नको त्या वयात नको ते खूळ, हे त्यांचं मत मला चहाच्या आधीच कळलं.

अंधार पडला तसा पश्चिमेला गुरू ठळक झाला. बाईंनी डोळा लावला आणि लगेच काढला. "पाण्यात पडल्यासारखा लटलट हालायलाय. चार दिवस झाले, असंच."

मी बघितलं. मलाही हलतानाच दिसला. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

"बाई, माझ्या डोळ्याचं तर ऑपरेशन झालेलं नाही. मलापण तसंच दिसतंय."

त्या पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

मी आयपीस तपासलं. चारचं होतं, वर तिप्पट करणारी नळी. बरोबर ५२५ पट. खोक्यात फुकट आलेलं, वाया का घालवायचं म्हणून बाईंनी लावलेलं. ते काढून पंचवीसचं लावलं. सुधारलं, पण थरथर पुरती जाईना. स्टँड हलत नव्हता. मी चप्पल काढून ठेवली होती. तळव्यांना चटके बसायला लागले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दिवसभर तापलेला स्लॅब धग सोडत होता. दुपारी डांबरी रस्त्यावर हवा नाचताना दिसते तशीच हवा आमच्या आणि गुरूच्या मध्ये नाचत होती.

दुर्बीण खाली आणली. अंगण मातीचं, गयाबाईंनी तिन्हीसांजेला सडा टाकलेला. तिथं स्टँड रोवला, खुर्ची ठेवली, बाईंना बसवलं.

त्यांनी डोळा लावला आणि हळूहळू फोकस जुळवला. मग म्हणाल्या, "पट्टे दिसायलेत. आणि एका रेषेत तीन." चौथा का नाही, म्हणून मला काळजी. पण त्याचं उत्तर बाईंकडं होतं. एखादा चंद्र फिरत फिरत गुरूच्या मागं जातो, थांबावं लागतं. डोळ्यावरचा संशय तोवर कुठल्या कुठं गेला होता.

आम्ही थांबलो. मधल्या वेळात आग्रह केला तशा गयाबाई खुर्चीवर बसल्या. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण नजर घारीची.

"तीन कुठंत? चार हायत की," त्या म्हणाल्या. "एक आत्ता कडंला निघालाय. लय बारीक हाय."

बाईंनी त्यांना जवळजवळ उठवलंच. चौथा खरोखरच निघाला होता. मग दोघी आलटून पालटून बघत बसल्या आणि मला भाकरी खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

खोकं परत गेलं नाही. त्यात आता गयाबाई लसूण ठेवतात.

चूक माझी होती. भिंग, फोकल लेंग्थ, स्टँड, सगळं शिकवलं आणि मराठवाड्यातला एप्रिल विसरले. आता कुणी दुर्बीण कोणती घेऊ विचारलं, तर मी आधी विचारते, घरापुढं मातीचं अंगण आहे का?