अर्जातली आजारपणं

डॉक्टरच्या घरात किस्से साठतात ते पेशंटचे, असं सगळ्यांना वाटतं. आमच्या सिडनीतल्या कॅसल हिलच्या घरात मात्र साठलेत डॉक्टरांचेच! मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. स्पेशालिस्ट ट्रेनिंगसाठी अर्ज करणारी ओळखीतली मराठी मुलं इंटरव्ह्यूच्या सीझनमध्ये रविवारी आर्व्होला, म्हणजे दुपारनंतर, आमच्याकडे जमतात. मी आणि माझा नवरा शेखर पॅनेल होऊन त्यांना प्रश्न विचारतो. शेखर आयटीतला. मेडिकलमधलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण चेहरा असा कोरा ठेवतो की खरं पॅनेल परवडलं!

पहिला प्रश्न ठरलेला: हीच ब्रँच का? उत्तरात प्रत्येकाचं एक आजारपण निघतं.

* * *

ओजसला सर्जन व्हायचं होतं. त्याने आवाज जड करून सुरुवात केली, "मी लहान असताना माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो, समोर सर्जनचा हसरा चेहरा दिसला आणि त्याच क्षणी मी..."

त्याची आई पुण्याहून आली होती आणि किचनमध्ये सगळ्यांसाठी पोहे परतत होती. तिथूनच आवाज आला, "चावलास तू त्यांना! किती दिवस पट्टी होती बिचाऱ्यांच्या हाताला!"

शेखरचा चेहरा ढिम्म हलला नाही. "आता टीमवर्कबद्दल सांगा."

* * *

निखिलचं उलटं. हा पठ्ठ्या कधी आजारीच पडला नव्हता!

"ताई, सगळ्यांकडे काही ना काही आहे. मला साधा दमासुद्धा नाही!"

"घरात कोणाला काही?"

"आजी आहे. नव्वदी ओलांडलीय. रोज टेकडीवर जाते."

"कठीण आहे तुझं," शेखर म्हणाला.

पुढच्या रविवारी निखिल कुबड्यांवर आला. क्रिकेट खेळताना घोटा मोडला होता, पण चेहऱ्यावर दिवाळी! "ताई, मिळालं आजारपण! प्लास्टर, वेदना, अवलंबून राहणं, सगळं लिहितो!"

"अरे, पण तू अर्ज सायकियाट्रीला केलायस ना?"

तो खुर्चीत बसला. कुबड्या टेबलाखाली सरकवल्या.

* * *

मृण्मयी मूळची ठाण्याची, आता सिडनीतच स्कोफिल्ड्सला राहते. हुशार, कमी बोलणारी. तीही सर्जरीलाच अर्ज करत होती. शेखरने तिचा सीव्ही बघून सहज विचारलं, "हा मधला गॅप कसला?"

ती एका दमात म्हणाली, "आतड्याचा आजार होता. मोठं आतडं काढलं. आता पोटाला शौचाची पिशवी असते. कायमची."

पोह्यांच्या डिशेस तशाच राहिल्या. शेखरचा कोरा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा हलला.

मग वाद पेटला. हे अर्जात लिहायचं की नाही? "लिही, वजन पडेल," ओजस म्हणाला. "वेडी आहेस का? तासन्‌तास ऑपरेशनला उभी राहू शकेल का, हेच त्यांच्या मनात येणार," निखिल म्हणाला. "ती राहतेच आहे की उभी!" ओजस म्हणाला. "अरे, पण त्यांना कुठे माहितीय?"

मृण्मयीने आईला व्हिडिओ कॉल लावला. माउली ठाम होती. "लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांना सांगितलं, तेवढं पुरे झालं. आता सगळ्या सिडनीला कशाला?"

"आई, सिडनीला नाही गं. पॅनेलमध्ये तिघंच असतात."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं?"

ती म्हणाली, "ताई, मला त्या पिशवीमुळे सीट मिळायला नकोय. आणि त्या पिशवीमुळे जायलाही नकोय."

शेवटी तिने एवढंच लिहिलं: आजारपण, उपचार, पुन्हा कामावर. पिशवीचं नाव नाही.

* * *

तिच्या हॉस्पिटलमध्येही कोणाला माहीत नव्हतं. एकदा ऑपरेशन रंगात आलेलं, थिएटरमध्ये चिडीचूप, आणि पिशवीने आवाज केला. गुर्रर्र! चांगला खणखणीत!

सीनियर सर्जनने मान वर न करता विचारलं, "कोणाला भूक लागलीय?"

मृण्मयी मास्कच्या आत घामाघूम. इतक्यात भूल देणारा डॉक्टर ओशाळून म्हणाला, "सॉरी मेट. सकाळपासून पोटात काही नाही."

नंतर सिस्टरने त्याला सँडविच आणून दिलं. मृण्मयी म्हणते, "ताई, त्याला आजही वाटतं की ते त्याचंच पोट होतं!"

* * *

आता तिच्या इंटरव्ह्यूचा किस्सा. तिला सीट मिळाली, हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. आणि सांगतेय ते तिला विचारूनच.

इंटरव्ह्यूच्या एका खोलीत पेशंट बनून ॲक्टर बसवतात. दारावरचा कागद मृण्मयीने दोनदा वाचला. पेशंटचं आतडं काढावं लागणार आहे, पिशवी लागणार आहे, ती नको म्हणतेय, समजूत घाला!

आत पिकल्या केसांची एक बाई. कोपऱ्यात मार्क देणारा परीक्षक. मृण्मयीने पुस्तकातलं सगळं नीट सांगितलं. बाई ठरल्याप्रमाणे म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला काय कळणार!"

मृण्मयीने पुन्हा समजावलं. पुन्हा तेच, "तुम्हाला काय कळणार!"

मृण्मयीने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "कळतं. मलाही पिशवी आहे. सुरुवातीला मी आरशात बघत नव्हते. मग एक दिवस पोटभर जेवले आणि लक्षात आलं की कितीतरी महिन्यांनी पोटात दुखत नाहीये. त्या दिवसापासून आमचं दोघींचं जमलं."

परीक्षकाचं पेन थांबलं. पुढचं वाक्य त्या बाईचं होतं, पण ती काही बोललीच नाही. बेल वाजली.

कार पार्कमधून मृण्मयीने मला रडत फोन केला. "ताई, सांगून बसले सगळं! घालवली मी सीट!" मी समजूत घालतेय तोच म्हणाली, "एक मिनिट हं, कोणीतरी येतंय."

फोन चालूच होता. धापा टाकत आलेल्या त्या ॲक्टर बाईचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"मेट, तू कुठली पिशवी वापरतेस? माझी बाजूने गळते."