सीलबंद सरस्वती, मुक्काम तीर्थपुरी

जीपवरच्या भोंग्याची खरखर अजून कानात आहे. आधी फुंकर, मग "हॅलो, हॅलो", आणि लगेच माझा आवाज: शाळेत पाठ केलेली, मेघांना साद घालणारी एक कविता. कडवं संपलं की ड्रायव्हर रज्जाकभाई माइक ओढून घ्यायचा, "संकरित ज्वारी, भरघोस कणीस, बराबर पारखून घ्या." मग पुन्हा मी, दुसरं कडवं. सत्तरच्या दशकात, मोठा दुष्काळ सरल्यावर, बियाणेवाले दिगंबरशेठ मराठी संस्कृतीची सेवा करत होते ती अशी.

मी तेव्हा परभणीत मराठीचा मास्तर. शेठचा निरोप आला: तीर्थपुरीला वाचनालय काढून राह्यलो, उद्घाटनाला कविता म्हणायला या, खर्चा आमचा. कवितेसाठी कुणी गाडीभाडं देतं हे ऐकूनच मी पिशवी भरली. वाटेत बियाणंही विकावं लागेल, हे निरोपात नव्हतं.

छोट्या रुळांची गाडी धापा टाकत नवीन जालन्यात पोचली. स्टेशनाबाहेर टांगे, अडतीची दुकानं, बियाण्यांच्या पाट्या. शेठच्या ऑफिसात सरस्वतीचं कॅलेंडर. वीणेशेजारी कंपनीचं कापसाचं बोंड छापलेलं, त्याला जागा करताना हंस अर्धा कापला गेलेला. चहा आला, शेवचिवडा आला, मग शेठ म्हणाले, "सर, माणसानं नुसता पैसा करू न्हाई. वाङ्मय बी करावं." दोन्हींना क्रियापद एकच लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी अंबडमार्गे निघालो. तुम्ही जाणार असाल तर आता रस्ता बरा आहे. तेव्हा अर्धी खडी होती, उरलेली धूळ आम्ही खाल्ली. अंबडला देवीच्या टेकडीखाली जरूर थांबा. तिथल्या पिठलं-भाकरीची चव मला पुढे कुठे मिळाली नाही. शेठनीही भाकरी ठेच्याला लावत डोळे मिटले. "ही जुनी गावरान ज्वारी, सर. आपल्या संकरितला ही गोडी न्हाई." एवढं बोलून ते जीपमध्ये बसले आणि भोंगा चालू करायला सांगितला.

तीर्थपुरीत नवी कोरी खोली. दारावर शेठचं नाव ठळक, त्यांच्या वडिलांचं मध्यम, आणि उरलेल्या जागेत अंग चोरून उभा असलेला 'वाचनालय' हा शब्द. आत एकच कपाट. समोरून सागवान आणि काच, पाठीमागून बियाण्याच्या खोक्यांच्या फळ्या, कारण पाठ भिंतीकडे.

खोली झाडून सजवली होती कमलबाईंनी. त्या गावच्या शाळेतल्या शिक्षिका, बौद्धवस्तीतल्या. संध्याकाळी वस्तीतल्या मुलींना मॅट्रिकच्या परीक्षेला बसवायची तयारी करून घेत. पुस्तकं विकत घेणं जमत नव्हतं, आणि त्या परीक्षेची सगळी पुस्तकं आता काचेमागे दिसत होती.

फीत कापली, नारळ फुटला, मी सरस्वतीवर कविता म्हटली. शेठनी कपाटाला कुलूप घातलं आणि चावी कोटाच्या खिशात टाकली.

"शेठजी, चावी?" कमलबाईंनी विचारलं.

"चावी जालन्याला राहील, हापिसात."

"मंग पोरींनी वाचायचं कसं?"

शेठ मायेनं हसले. "बाई, बियाणं आम्ही सीलबंद का ठेवतो? हवा लागली, हात लागले, की उगवणशक्ती जाते. पुस्तकाचं बी तसंच. कडुलिंबाचा पाला टाकलाय आत. पन्नास वर्षं बिलकुल काही होणार न्हाई."

"तेच तर म्हणून राह्यले मी. काही होणार न्हाई." कमलबाई म्हणाल्या. "पेरायच्या आधी पिशवी फाडता का न्हाई तुम्ही?"

लोक हसले. शेठनाही तो विनोदच वाटला. मी त्यांना बाजूला घेऊन सांगून पाहिलं, मुलींची परीक्षा तोंडावर आहे, चावी देऊन टाका. ते म्हणाले, "सर, तुम्ही कवी माणूस. तुम्हाला गोदाम समजणार न्हाई."

निघताना मागं वळून पाहिलं. कमलबाई कपाटाशेजारी वाकून उभ्या होत्या, आणि त्यांची बोटं भिंतीच्या फटीत शिरून मागच्या फळीवर हळूच टकटक करत होती.

परभणीला परतलो. सत्कारात मिळालेली शाल आखूड निघाली, नारळ नासका. मनात राहिल्या त्या काचेमागच्या कोऱ्या पुस्तकांच्या पाठी, आणि ती टकटक. ज्या कवितांवर मी वाढलो, त्या मला फाटक्या, शाई सांडलेल्या पुस्तकांतून भेटल्या होत्या. सीलबंद असत्या तर मी आज काय म्हटलं असतं भोंग्यावर?

उन्हाळा लागता लागता एका दुपारी कडी वाजली. दारात दिगंबरशेठ. ना जीप, ना रज्जाकभाई, कपाळावर घाम.

"सर, पुण्याचा पाहुणा घेऊन गेल्तो वाचनालय दाखवायला. कुलूप जसंच्या तसं. उघडलं, तर आत नुसता पाला."

"चोरी?"

"कसली चोरी. मागच्या फळीला बिजागरी लावलीय. पोरी परीक्षेला बसून राह्यल्या, पुस्तकं घरोघर. गाव पाहुण्यापुढं माझीच वाहवा करू लागलं. काय बोलणार?"

ते आत आले, चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि कोटाच्या त्याच खिशातून एक कवितांचं पुस्तक काढलं. कोपरे दुमडलेले, मुखपृष्ठावर हळदीचं बोट.

"बाईंनी जाऊच दिलं न्हाई रिकाम्या हातानं. सही घेतली माझी. म्हणल्या, सोमवारी परत आणा, पुढं नंबर लागलेत." शेठनी चष्मा पुसला. "मंग सर, हे वाचायला सुरुवात कुठून करत्यात?"