मोमोच्या टाकीपाशी

प्राणिसंग्रहालयात काम करणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. संध्याकाळी ओले बूट काढताना एखादा आपोआप सापडतो. नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही जपानमध्ये कोबेला आलो, मुलगी शाळेत जायला लागली आणि मी इथल्या एका प्राणिसंग्रहालयात ‘बाइतो’ धरला, म्हणजे पार्ट-टाइम नोकरी. काम एवढंच, मोमोच्या टाकीसमोर माइक घेऊन परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत माहिती सांगायची.

मोमो हा अ‍ॅमेझॉन नदीतला डॉल्फिन. म्हातारा, गुलाबी, डोळे बटणाएवढे. जपानीत मोमो म्हणजे पीच. त्याचं सगळं बघणारे ओनो-सान रिटायरमेंटला आलेले, कमालीचे गंभीर गृहस्थ.

*

डॉल्फिन म्हटलं की लोकांना उडी हवी असते. मोमो काही उडीबिडी मारत नाही. एकदा एक बाई कॅमेरा रोखून कितीतरी वेळ बसल्या. शेवटी मला म्हणाल्या, “याची उडी किती वाजता असते?”

मी ओनो-सानना विचारलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. “त्यांना सांगा, आज त्याची सुट्टी आहे.”

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर.

*

पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. मोमो खेळात आला की आणखी लाल होतो. तो पाहून त्या म्हणाल्या, “अगं, याला उष्णता झालीय. गुलकंद द्या म्हणावं.”

“आई, तुम्ही पण ना!” असं म्हणत मी ओनो-सानना ते जपानीत सांगितलं. ते हसले नाहीत. गुलकंदात काय असतं, ते नीट विचारून घेतलं.

“साखर चालणार नाही,” ते म्हणाले. “पाकळ्यांचं डॉक्टरांना विचारतो.”

सासूबाई खूश. “बघ, घरात माझं इतकं कोणी ऐकत नाही.”

*

काच घासायचा ब्रश पळवणं हा मोमोचा छंद. एकदा बराच वेळ विनवण्या केल्यावर त्याने तो परत आणून दिला. ओनो-साननी कमरेत वाकून आभार मानले. या डॉल्फिनची मान वळते, त्यामुळे मोमोनेही मान खाली घातली. आता समोरचा वाकला म्हणून ओनो-सान पुन्हा वाकले. मग मोमो वाकला.

आधी थांबायचं कोणी? मी जेवून आले, तरी दोघांचं चालूच होतं.

*

मग ओनो-सानच्या पाठीने दगा दिला. मासळीची बादली उचलताना कमरेत उसण भरली आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. इकडे मोमोने खाणं सोडलं. बदलीच्या मुलीने ओनो-सानची टोपी घातली, त्यांच्यासारखं खाकरून पाहिलं. मोमो तोंड फिरवून कोपऱ्यात. प्राण्यांचे डॉक्टर रोज येऊन तपासून जायचे. आम्ही सगळेच घाबरलो होतो.

शेवटी दवाखान्याने ओनो-सानना तासाभराची परवानगी दिली. बायको त्यांना व्हीलचेअरवरून टाकीच्या काठाशी घेऊन आली. मोमो सरळ त्यांच्याकडे आला. ओनो-साननी मासा पुढे केला. त्याने तो चोचीत धरला, पण गिळला नाही. मान वळवली आणि अलगद त्यांच्या मांडीवर ठेवला.

ओनो-साननी मासा उचलला, हात जोडले, जेवायच्या आधी म्हणतात तसं “इतादाकिमास” म्हणाले आणि कच्चाच एक घास घेतला. उरलेला पुढे केला. मोमोने तो गट्ट केला. मग अख्खी बादली संपवली.

आमच्यातले निम्मे रडत होते. ओनो-सानची बायको मात्र तशीच उभी.

“दवाखान्यात,” ती म्हणाली, “मासा नको म्हणून हे रोज ताट परत पाठवतात.”