नाण्यांची खोली

मारामारीच्या त्या व्हिडिओ गेममध्ये दोन लढतींच्या मधे एक खोली येते. तिथे मारायला कुणी नसतं. हवेत सोनेरी नाणी तरंगत असतात, कोपऱ्यात सेकंद उलटे पळतात आणि आपण फळीवरून फळीवर उड्या मारत नाणी वेचायची. माझा खेळाडू दुसऱ्याच उडीला खड्ड्यात पडतो. अंगठे ऐकतच नाहीत.

"बाबा, खाली नका बघू, पुढची फळी बघा," सानिका म्हणते. माझी मुलगी, आता नोकरीला लागलेली, दोन दिवसांसाठी घरी आलेली.

ती नऊ वर्षांची असताना, खेळ याच नाण्यांच्या खोलीत आलेला असताना, अभ्यास कर म्हणत मी गेमची वायर उपटली होती. पुरेशी नाणी जमली की एक जाडं अस्वल खेळाडू म्हणून मिळतं. ते तिला माझ्यासाठी हवं होतं, माझ्यासारखं डुलत चालतं म्हणून. हे मला तिच्या आईकडून नंतर कळलं. तेव्हा ती रडली नाही. वायर नीट गुंडाळून तिने माझ्या हातात दिली.

आज मी एकदाचं बोललो. "तेव्हा अभ्यासाचं निमित्त होतं गं. ऑफिसात साहेब बोलले होते मला, तो राग होता."

पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "माहितीये. तुम्ही बूट न काढताच आत आला होतात."

इतकी वर्षं मी जे लपवलं, ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वेळ संपली. न वेचलेली नाणी एकदम विझली.