शिलाई मशीनवरचं विमान

माझं विमान पुणतांब्याजवळ गोदावरीत पडलं, तेव्हा मी शेवगावात शिलाई मशीनवर बसलो होतो. जीवितहानी झाली नाही. माझ्या शर्टाची एक बाही तेवढी गेली.

विमान अर्थात कॉम्प्युटरमधलं. माझा मुलगा निलेश कॅनडात असतो. दर रविवारी सकाळी (तिकडे शनिवारची रात्र) त्याचा फोन यायचा.

"नाश्ता झाला?"

"झाला."

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या."

"बाकी काय?"

"बाकी ठीक."

संपला फोन! त्यात त्याची चूक नव्हती. आमच्या घरात बोलायचं खातं त्याच्या आईकडे, सुमनकडे होतं. आम्ही बापलेक जन्मभर तिच्यामार्फत एकमेकांशी बोललो. ती गेल्यापासून आठवड्याला एवढीच काय ती माझ्याशी होणारी बातचीत, आणि ती चहा निवायच्या आत आटपायची. मग रविवार सबंध उरायचा. एकट्या माणसाचा रविवार फार लांब असतो.

दिवाळीला निलेश आला, तेव्हा त्याने माझ्या कॉम्प्युटरवर विमानाचा खेळ टाकून दिला. म्हणाला, "बाबा, तुम्ही इकडून उडा, मी तिकडून उडतो. फोन चालूच ठेवायचा." मला विमानाचं काडीचंही कौतुक नव्हतं. पण विमान हवेत असेपर्यंत फोन चालू राहणार, हे मी बरोबर हेरलं.

तर विमान हवेत राहीना! कीबोर्डची बटणं दाबून मी उडायचो आणि शेजारच्या उसात जाऊन पडायचो. "असू दे बाबा, पुढच्या रविवारी," असं म्हणून निलेश फोन ठेवायचा. म्हणजे पूर्वी नुसता फोन संपायचा, आता विमानही पडायचं.

"तयार हँडल मिळतं, पाठवून देतो," तो म्हणाला.

"काही नको. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेत मी. हँडल घरीच करतो." (माझ्या घराण्यात सगळे घात या वाक्याने सुरू झाले आहेत.)

रेडिओच्या आवाजाचं बटण फिरवलं की त्याच्या आतला भाग किती फिरला, त्यावर पुढे वीज किती जायची ते ठरतं. हे एका छोट्या सर्किट बोर्डाला जोडलं की बोर्ड कॉम्प्युटरला चुगली करतो, की म्हाताऱ्याने हँडल इतकं वळवलं. दुकान बंद केलं तरी जुनी बटणं डबाभर होती. प्लॅस्टिकच्या पाइपाचं हँडल केलं, त्याच्या टोकाला एक बटण बसवलं, तीन वायरी जोडल्या. डावं-उजवं झालं. राहिलं नाक वर-खाली करणं. त्यासाठी मला सुमनच्या मशीनचं पायडल दिसलं.

"बाबा, खऱ्या विमानात ते काम पायाने करत नाहीत," निलेश म्हणाला.

"खऱ्या विमानात तुझ्या आईचं मशीनही नसतं."

ते मशीन दोन वर्षं चादरीखाली होतं. चादर काढायला मला एक अख्खी दुपार लागली, आणि ते काम काही एवढं जड नव्हतं. मग चाक फिरवणारा पट्टा काढून ठेवला, पायडलच्या दांडीला दुसरं बटण जोडलं, हँडल मशीनच्या फळीवर बसवलं. चवडे दाबले की नाक खाली, टाचा दाबल्या की वर. झकास जमलं.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. सुमन गल्लीभरच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. आमच्या दारातून पायडलची खडखड ऐकू आली की कापड घेऊन यायचं, हा गल्लीचा जुना रिवाज होता.

मी सरावाला बसलो आणि शेजारच्या कुसुमवहिनी दारात उभ्या राहिल्या. हात पिठाने भरलेले, धाप लागलेली. आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊजी, तुमी व्हय?"

"मीच. विमान चालवतोय."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या. थोड्या वेळाने हात धुऊन साडी घेऊन आल्या. "मशीन चालूच हाय तर एवढा फॉल लावा. भाचीची हळद हाय पुणतांब्याला, रविवारी."

मला फॉल लावता येत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात त्या खुर्चीत बसल्या आणि "च्या टाका," म्हणाल्या. त्या खुर्चीत बसून कोणी चहा मागितला, त्याला किती दिवस झाले होते! मी साडी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या, त्यांच्याही साड्या ठेवून घेतल्या आणि चहा केला. शनिवारपर्यंत माझ्या घरात साड्यांचा ढीग होता आणि साखर संपली होती.

मग मशीनला पट्टा परत चढवला आणि वहिनींच्या साडीला फॉल लावायला घेतला. बायकोला जन्मभर पाहिलं होतं, म्हटलं जमेल. अर्धा फॉल वेडावाकडा लागला आणि रविवार उजाडला. साडी सुईखाली तशीच ठेवून, पट्टाही तसाच ठेवून मी उड्डाण केलं. आता एकाच पायडलवर दोन कारभार चालले होते. इकडे विमान वर-खाली, तिकडे सुई वर-खाली!

पण काय उडालो त्या दिवशी! निलेश बोलत होता. तिकडच्या बर्फाबद्दल बोलला, पिठल्यात गुठळ्या होतात म्हणाला. मी गुठळ्या मोडायची युक्ती सांगितली आणि शिर्डीच्या धावपट्टीवरून पुन्हा एक घिरटी घातली.

"बाबा, उतरा आता. झोप येतेय मला."

"उतरतो की."

"धावपट्टी मागे राहिली."

"वारा फार आहे रे."

"वारा मी बंद करून ठेवलाय, बाबा."

आता उतरणं भाग होतं. मी जोरजोरात पायडल मारलं आणि डावा हात ओढल्यासारखा झाला. पाहतो तर माझी बाही वहिनींच्या साडीला शिवली गेली होती. टीप मात्र सरळ आली होती, आठवडाभरातली एकमेव.

त्याच वेळी वहिनी आत आल्या. "भाऊजी, झाली का साडी? गाडी आलीय दारात." मग जवळ येऊन पाहिलं. "ह्यो तुमचा हात साडीत कसा?"

"हात लावू नका, विमान उतरतंय."

"उतरंल नायतर चढंल. आधी माझी साडी सोडा."

सुई वर काढायला त्यांनी मशीनचं चाक हाताने फिरवलं. चाकाबरोबर पट्टा फिरला, पट्ट्याबरोबर पायडल दबलं. सुई वर आली आणि विमान खाली गेलं. पडद्यावर नुसतं पाणी.

"कुठं पडलं?" वहिनींनी विचारलं.

"पुणतांब्याजवळ, नदीत."

"माझ्या म्हायेरी?"

"काय झालं? कोण आहे तिथे?" निलेश फोनवर विचारत होता.

"मी कुसुमकाकू. तुझ्या बापाला साडीतनं सोडवतीय." कात्री चालवत त्यांनी सगळी हकिकत सांगितली. निलेश हसला. एवढं हसताना मी त्याला त्याची आई असतानाच ऐकलं होतं. मग वहिनींचा आवाज उतरला. "मशीन वाजलं तवा कनीक तशीच टाकून पळाले बाबा मी. येडी. वाटलं, सुमनच बसलीय."

फोनमधून निलेश म्हणाला, "काकू, मला पण इथे तो आवाज येतो. म्हणून तर झोप आली तरी बसतो मी."

मी त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. मी "गोळ्या घेतल्या," असं म्हणालो.

फॉल वहिनींनी गाडीत बसून हाताने लावला. बाकीच्या साड्या मी घरोघर परत केल्या, तर प्रत्येक घरी बसवून चहा दिला. पट्टा कायमचा काढला आहे आणि रविवारी मी हाफ शर्टच घालतो. निलेशसमोर मला अजून एकदाही नीट उतरता आलेलं नाही. माझ्या घिरट्या चालू असतानाच तो तिकडे फोन हातात धरून झोपी जातो. त्याचा श्वास ऐकत मी आणखी थोडा वेळ पायडल मारतो, हळूच फोन ठेवतो आणि मग विमान धावपट्टीच्या मधोमध अलगद उतरवतो. इतकं सुरेख उतरवतो, की खरा वैमानिकही बघत राहावा, आणि बघायला घरात एक माणूस नसतो!