विलायती गाडीचं देशी इंजिन

खून पाहिले, दरोडे पाहिले, नदीतून प्रेतं काढली. त्यातलं बरंचसं आता विसरलो. पण पौडच्या ठाण्यात फौजदार असताना हाताळलेलं एका मोटारीच्या इंजिनाचं प्रकरण मात्र काही केल्या मनातून जात नाही. कुणी मेलं नव्हतं, रक्ताचा थेंब सांडला नव्हता. तरीही माझ्या हातून चूक झाली म्हणजे कुठे झाली, असं कुणी विचारलं तर मी हेच प्रकरण सांगतो.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. श्रावण लागला होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो, तेवढ्यात कासार आंबोलीच्या बंगल्यातले साहेब काठी टेकत आत आले. एका इंग्रजी कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, पोटाच्या मोठ्या ऑपरेशनमुळे तीन महिने पुण्याला इस्पितळात होते. येऊन आठवडा झाला होता. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"फौजदारसाहेब, माझ्या गाडीचं इंजिन चोरीला गेलंय."

"इंजिन? आणि गाडी?"

"गाडी आहे जागेवर. आत भलतंच इंजिन आहे. इथल्या टॅक्सीला असतं तसलं!"

ती गाडी तालुक्यात सगळ्यांना माहीत होती. दोन दारांची, लांब नाकाची, गडद हिरवी विलायती गाडी. लांबच्या सफरीसाठी बांधलेली; आत कातडी बैठका. साहेबांनी ती विलायतेला परत जाणाऱ्या एका गोऱ्या मॅनेजरकडून घेतली होती. वर्षापूर्वी इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, तडा गेला. नवं हेड विलायतेहून मागवायचं तर परमिट हवं, आणि परमिट काही मिळेना. पौडचा मिस्त्री म्हणाला होता की इथलं इंजिन बसवून देतो, गाडी पळेल. साहेबांनी त्याला झापलं होतं. त्यांचं म्हणणं असं की ज्यानं ही गाडी बांधली त्यानं प्रत्येक स्क्रूचा विचार केला होता, आपण त्यात हात घालणारे कोण? वर्षभर गाडी शेडमध्ये झाकून उभी होती आणि शेडची दुसरी किल्ली मिस्त्रीकडे होती, कारण तो अधूनमधून चाकं फिरवून, तेल घालून जायचा.

किल्ली मिस्त्रीकडे, इंजिन गायब. मला वाटलं, सरळ प्रकरण आहे. विश्वासघाताचं कलम लावून गुन्हा दाखल केला आणि जमादाराला घेऊन निघालो.

मिस्त्री म्हणजे चाळिशीचा, धनगराच्या घरातला माणूस. वडील मेंढरं राखायचे. हा पोरवयात पुण्याला लष्कराच्या वर्कशॉपात शिरला आणि हात काळे करून परत आला. अक्षरओळख नव्हती, पण नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायचा. पौडला रस्त्याकडेला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. लोक आपल्या गाड्या किल्ल्यांसकट त्याच्या दारात टाकून एसटीनं पुण्याला जायचे. त्या भरवशावरच त्याचं घर चालायचं.

"इंजिन तू काढलंस?"

"व्हय सायेब, म्यांच काढलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

गप्प.

"विकलंस कुठे?"

"इकलं न्हाई."

"मग आहे कुठे?"

पुन्हा गप्प. मान खाली नाही, डोळ्यांत भीती नाही, नुसता गप्प. मला त्या गप्प बसण्याचाच राग आला. मी एक ठेवून दिली. तो दिवस आठवडे बाजाराचा होता. भर बाजारातून त्याला बेड्या घालून ठाण्यात आणलं. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. रोज राम राम घालणारे तोंड फिरवून उभे राहिले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे खरं ते सांगतो.

रिमांड मिळाला. मी पुण्याच्या जुन्या बाजारात माणूस पाठवला, भंगारवाले पालथे घातले. तसलं इंजिन कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. इकडे ठाण्यात मात्र दोन पक्ष पडले. तहसील कचेरीतले एक कारकून रोज दुपारी पान खायच्या निमित्तानं येऊन बसत. ते म्हणाले, "विलायती गाडीत देशी इंजिन म्हणजे पैठणीला मांजरपाटाचं ठिगळ. चोरीपेक्षा हाच गुन्हा मोठा!"

आमचा जमादार उसळला. "रावसाहेब, गाडी हाय का देव हाय? वरीसभर उभी करून पूजा करायची? चालंल ती गाडी, न्हाई तर कोंबड्या बसवा तिच्यात!"

"अहो, पण ज्याची वस्तू त्याला विचारायला नको?"

"त्ये खरं," म्हणून जमादार खाली बसला. माझंही मत तेच होतं. बदल चांगला की वाईट हा वाद चहाच्या दुकानात घालावा. मालकाला न विचारता केला की ती पोलिसांची बाब.

चौथ्या दिवशी गाडीचा पंचनामा केला. पंच म्हणून एसटीच्या एका अनुभवी मेकॅनिकला बोलावलं होतं. तो गाडीखाली शिरला तो अर्धा तास बाहेर येईना. आला तेव्हा कपाळावर आठ्या होत्या.

"सायेब, ह्यो चोर नसंल."

"का रे बाबा?"

"ह्यानं एक बी नवं भोक पाडल्यालं न्हाई. कुटं कापलं न्हाई, कुटं वेल्डिंग न्हाई. जुन्याच भोकांना पट्ट्या बसवून त्यावर इंजिन टेकवलंय. उद्या ह्ये काढा, जुनं बसवा, कुणाला कळनार बी न्हाई. आमी आसतो तर ड्रिल घालून मोकळं झालो आसतो."

मी ते पंचनाम्यात लिहून घेतलं, पण त्याचा अर्थ लावायला मला अजून एक दिवस लागला. चोर परतीची वाट राखून काम करत नाही. माल एकदा गेला की त्याला मागच्याशी देणंघेणं नसतं.

पाचव्या दिवशी जमादार खबर घेऊन आला. त्याच्या बायकोची मिस्त्रीच्या बायकोशी पाण्यावरची ओळख. तो दार लोटून घेत म्हणाला, "सायेब, एक इचित्र हाय. मिस्त्रीची बायकू दुकानातनं दोन-दोन शेर तांदूळ नेती. आन् घरात कणगी गळ्यापतूर भरल्याली हाय."

"मग असेल जास्त पिकलेलं."

"आवो, श्रावण हाय! आमच्या मावळात श्रावणात कुणाची कणगी भरल्याली आसती का? पाटलाच्या घरात बी आता तळ दिसतोय. नवं भात यायला दिवाळी उजाडंल."

मी भरल्या घरचा, देशावरचा. हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. ताबडतोब पंच घेऊन निघालो. मिस्त्रीची बायको दारातच आडवी उभी राहिली.

"कणगीला हात लावू नगा. बियाणं हाय."

"बियाणं असेल तर परत भरून देतो, माझा शब्द," मी म्हणालो.

जमादारानं कणगीच्या बुडाशी बांबूची वीण सैल केली. भात नव्हे, भाताचं तूस भळभळा बाहेर आलं, आणि त्यातून हळूहळू लोखंड दिसू लागलं. खाली फळ्या, फळ्यांवर इंजिन, त्याला ग्रीस चोपडलेलं, वर गोणपाट, आणि या सगळ्यावरून बिनबुडाची कणगी बसवून वरपर्यंत तूस भरलेलं. मुळशीच्या पावसात भिंतीला बुरशी येते, पण त्या लोखंडाला गंज चढला नव्हता. नटबोल्ट चिंध्यांच्या पुरचुंड्यांत बांधलेले, आणि लिहिता येत नसल्यानं प्रत्येक पुरचुंडीवर कोळशानं चित्र काढलेलं: हा बोल्ट कुठला, तो कुठला. तडा गेलेलं हेडसुद्धा टाकलं नव्हतं.

कायद्यानं बघितलं तर मुद्देमाल आरोपीच्या घरात सापडला. वरिष्ठांनी पाठ थोपटली असती. पण ते चित्रांचं गाठोडं हातात घेऊन मी त्या ओसरीवर बराच वेळ बसून राहिलो. आईनं लेकीचं बाळंतपण करावं इतक्या मायेनं या माणसानं ते जपलं होतं. मला माझीच लाज वाटली.

ठाण्यात येऊन त्याला कोठडीबाहेर काढलं, समोर बसवलं आणि पाणी दिलं.

"इंजिन सापडलं. आता तरी बोल. जपायचंच होतं तर काढलंस कशाला?"

त्यानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "बाई सांगतील."

"कोण बाई?"

त्याचा चेहरा पडला. शब्द निसटला होता. त्यानंतर ओठ घट्ट मिटले ते मिटलेच. पण मला हवं होतं ते मिळालं होतं. बंगल्यात बाई एकच, साहेबांची पत्नी.

त्याच संध्याकाळी मी बंगल्यावर गेलो. साहेब आत झोपले होते, बाई व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. मी जबाब घ्यायला बसलो नाही. उभ्या उभ्या एवढंच म्हणालो, "बाई, इंजिन सापडलं. मिस्त्री काही बोलत नाही. बाई सांगतील, एवढंच म्हणतो. त्याचा आज पाचवा दिवस आहे कोठडीतला."

त्यांचा हात सुपात थांबला. मी नमस्कार करून निघालो. समन्स काढता आलं असतं, पण तसं करावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यासमोर ती हिरवी गाडी येऊन थांबली. स्टिअरिंगवर बाई आणि शेजारी साहेब, रागानं लाल झालेले. त्या काळात पौडला बाईमाणूस मोटार चालवताना कुणी पाहिलं नव्हतं. दोन शिपाई काम टाकून दारात आले. बाई खाली उतरल्या, आत आल्या आणि मिस्त्रीला बोलावून घ्या म्हणाल्या. तो समोर आल्यावर बोलल्या:

"इंजिन बदलायला मी सांगितलं. मालकांना मीच सांगेन, तू तोंड उघडू नकोस, हेही मीच बजावलं. जुनं नीट ठेव, असं मी म्हणाले होते. कुठे ठेवलं ते विचारलं नव्हतं."

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "माझी गाडी! मला न विचारता? माझा जीव आहे त्या गाडीत, ठाऊक नाही तुला?"

"आहे ना ठाऊक," बाई म्हणाल्या. "तुमचा जीव गाडीत होता आणि तुम्ही इस्पितळात होतात. एसटी चिखलात अडकली की दोन-दोन दिवस येत नव्हती. मी कशी पोचणार होते तुमच्यापर्यंत? रोज विचारायचात, कशी आलीस? मी सांगायची, एसटीनं. त्याच गाडीनं येत होते मी, पहाटे निघून अंधार पडल्यावर परत, कुणाला दिसू नये म्हणून!"

"मग घरी आल्यावर का नाही सांगितलंस?"

"डॉक्टर म्हणाले होते, ह्यांना राग येऊ देऊ नका. आणि... तुमची भीतीही वाटली. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तुम्ही फिर्याद देऊन आलात. मग तर तोंडच उघडेना. ह्या माणसानं माझ्यासाठी मार खाल्ला हो!" आणि त्या रडू लागल्या.

साहेब मिस्त्रीकडे न बघताच म्हणाले, "जुनं परत बसव."

"बसवनार की," मिस्त्री म्हणाला. "सायेब, तुमचंच खरं हाय, आसली गाडी जशीच्या तशी ऱ्हायला पायजे. म्हून तर भोक पाडलं न्हाई. पर हेड येईपतूर बाईंनी कसं हिंडायचं?"

साहेब काठी उचलून बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले.

मी त्याला सोडला, गुन्हा बंद करायचे 'क' समरीचे कागद तयार केले. गैरसमजुतीनं दाखल झालेला गुन्हा, असा शेरा. मॅजिस्ट्रेटांनी तो मान्य केला. कागदावर मिस्त्री स्वच्छ झाला. पंधरा दिवसांनी त्याच्या गॅरेजवरून गेलो तर दारात एकही गाडी नव्हती.

"काय रे, काम नाही?"

"सायेब, म्यां चोर न्हाई ह्ये तुमी कागदावर लिवलंत. बेड्या समद्या बाजारानं बघितल्या. कागद कोन वाचनार?"

काळजाला लागलं ते. मी म्हणालो, "चल." पुढच्या बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळेला, मी गणवेशात त्याला घेऊन एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात गेलो आणि एकाच बाकड्यावर बसून चहा मागवला. फौजदार कुणाबरोबर चहा पितो ही बातमी तालुक्यात टपालाच्या आधी पोचते. शिवाय ठाण्याची जीप दुरुस्तीला त्याच्याच दारात लावली आणि मुद्दाम चार दिवस तिथेच ठेवली. महिन्याभरात गाड्या पुन्हा यायला लागल्या. पुढे विलायतेहून ते हेड आलं की नाही, मला ठाऊक नाही. माझी बदली झाली.

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. ते अर्धंच खरं आहे. कधी कधी तो दुसरं कुणीतरी बोलेल याची वाट बघत असतो. त्यानंतर नोकरीभर मी गप्प आरोपीवर हात उचलला नाही. आधी मनात विचारायचो, हा कुणासाठी थांबलाय?

त्या बाकड्यावर चहा पिताना मी मिस्त्रीला म्हणालो होतो, "चुकलं माझं." फौजदारानं असं म्हणायची तेव्हा रीत नव्हती, आणि आजही फारशी नसावी. त्यानं बशीतला चहा संपवला आणि गालावरून हात फिरवत म्हणाला, "तुमी बोल्लात तरी, सायेब. बाईंना बोलायला सा दिस लागलं. मालकांनी चुकलं म्हनायला अजून तोंड उघाडल्यालं न्हाई."