दत्ता पलीकडे होता

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उभं आयुष्य खोपोलीत एका कारखान्यात मशीनवर गेलं. जे दिसतं ते असतं, एवढंच शिकलो. घोळ तिथेच झाला...

मागच्या थंडीतली गोष्ट. मी आणि दत्ता, माझा कारखान्यातला दोस्त, खोपोलीच्या खाली पाताळगंगेवर बदकं बघायला जायचो. वरून वीजघराचं पाणी सुटलं की नदी बघता बघता चढते. आधी भोंगा होतो. पण दत्ताला ऐकू कमी यायचं, आणि गारठ्यात तो कानातलं मशीन काढून ठेवायचा. म्हणून ठरलेलं — मी काठावर बसायचं, भोंगा झाला की लाल मफलर हलवायचा. तो अधूनमधून वळून बघायचा.

त्या सकाळी पाण्यावर धुकं होतं. दत्ता नदीतल्या मधल्या खडकाकडे निघाला.

"गुडघेदुखीवाल्यांनी काठावरच बसावं," म्हणाला. "बदकं हसतात तुला."

थोड्या वेळाने भोंगा झाला. मी दुर्बीण लावली, तर दत्ता पलीकडच्या काठावर बसलेला! तीच माकडटोपी, तोच निळा स्वेटर. आणि माणसाची चाहूल लागताच उडणारी हळदीकुंकू बदकं त्याच्या पायाशी चरत होती. मी बघतच राहिलो. मफलर गळ्यातच.

शेजारी कपडे धुणारी बाई म्हणाली, "आजोबा, तुमचा मानूस आत हाय ना?"

"तो कधीच पलीकडे गेला."

"पलीकडं कुनी नाय वो. बदकंच बघत बसा तुमी."

दुर्बीण खाली केली. पलीकडे कोणीच नव्हतं. दत्ता मधल्या खडकावर कमरेएवढ्या पाण्यात उभा होता — वळून माझ्याकडे बघत. मी मफलर ओढेपर्यंत तो पाण्यात दिसेनासा झाला.

सगळ्यांना मी सांगितलं, मफलर हलवत होतो, त्याचंच लक्ष नव्हतं. त्या बाईला कोणी विचारलंच नाही. लोक म्हणाले, दत्ता पहिल्यापासून बेफिकीर. त्याची मुलंही तेच म्हणतात. ते खोटं आहे. त्याने बघितलं होतं.

डोळे तपासून घेतले, दुर्बीणही दाखवली. दोन्ही ठीक. मग मी काय पाहिलं, मला आजही सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात दत्ताच्या बायकोला, वहिनींना, सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, पलीकडे बसले होते तेव्हा... हसत होते का हो?"

चेहरा मला स्वच्छ दिसला होता. पण तेवढंच काही केल्या आठवत नाही.